फोनचं लोकेशन आणि साथीतला संपर्क शोध: निळा ठिपका नेमका कुठे कमी पडतो?

मॅप उघडला की निळा ठिपका दिसतो. रिक्षा बुक केली की ती दारात येते. पार्सल कुठल्या चौकात पोहोचलंय तेही कळतं. मग साहजिकच वाटतं, की साथ आली तर सगळ्यांच्या फोनचं लोकेशन घ्यावं, पेशंटच्या आसपास कोण होतं ते कॉम्प्युटरला विचारावं आणि तेवढ्याच लोकांना घरी बसवावं. सगळ्या गावाला कुलूप लावायचं कशाला?

कोविडच्या काळात, म्हणजे २०२० मध्ये, जगातल्या बऱ्याच देशांनी हे करून पाहिलं. आपल्याकडेही झालं. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली: लोकेशनवरून गर्दी कळते, संपर्क कळत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की काही संबंध नसलेल्या माणसाचं नाव यादीत जातं आणि ज्याला खरंच लागण झाली आहे तो यादीबाहेर राहतो.

असं का होतं ते या लेखात बघू. उदाहरणं शक्यतो आपल्या नगर जिल्ह्यातली, त्यातही नागापूर एमआयडीसी परिसरातली घेतली आहेत. पत्र्याचे शेड, शिफ्टची गर्दी, शेअर रिक्षा, एका घरात एकच फोन या गोष्टी कुठल्याही ॲपची खरी परीक्षा घेतात.

थोडक्यात

- श्वासातून पसरणाऱ्या रोगात प्रश्न साधारण २ मीटरचा असतो. जीपीएसची चूक त्याहून मोठी असते आणि टॉवरची तर शेकडो मीटरची.
- जागा बरोबर कळली तरी भिंत, मजला, मास्क, उघडी खिडकी यातलं काहीच फोनला कळत नाही.
- फोन आणि माणूस नेहमी सोबत नसतात, आणि सगळ्यांकडे स्मार्टफोनही नसतो.
- लोकेशनवरून काढलेली यादी म्हणजे चौकशीची सुरुवात. तो पुरावा नाही.

## संपर्क शोध म्हणजे काय?

पेशंट सापडला की आरोग्य कर्मचारी त्याला विचारतात: मागच्या काही दिवसांत कोणासोबत जेवलात, कोणासोबत प्रवास केला, घरात कोण कोण आहे? मग त्या लोकांना गाठून तपासणी आणि गरज असेल तर विलगीकरण. यालाच कॉन्टॅक्ट ट्रेसिंग म्हणतात. क्षयरोगासाठी (म्हणजे टीबीसाठी) आपल्याकडे हे काम आजही चालतं. घरात एकाला टीबी निघाला की बाकीच्यांची तपासणी होते.

कोविडमध्ये अडचण अशी होती, की लक्षणं दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून माणूस इतरांना लागण करू शकत होता. पेशंटला कालचं आठवतं, पण तीन दिवसांपूर्वी बसमध्ये शेजारी कोण होतं ते कुठून आठवणार? आणि आठवलं तरी त्या माणसाचं नाव माहीत नसतं. ही आठवणीतली फट फोनने भरून काढावी, अशी कल्पना होती. कल्पना चुकीची नव्हती. फोनमधली कुठली माहिती वापरायची, हा खरा प्रश्न होता.

त्यासाठी 'जवळचा संपर्क' कोणाला म्हणायचं ते ठरवावं लागतं. अनेक देशांनी ढोबळ नियम धरला: सुमारे २ मीटरच्या आत, १५ मिनिटं किंवा जास्त. हे दोन आकडे लक्षात ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्यांच्याभोवती फिरतो.

## फोनला आपली जागा कळते कशी?

तीन मुख्य मार्ग आहेत.

जीपीएस. साधारण २०,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून येणारे सिग्नल फोन ऐकतो, ते यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून जागा काढतो. मोकळ्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनची चूक साधारण ५ मीटर धरतात. उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो, त्यामुळे चूक वाढते. पत्र्याच्या शेडमध्ये तर सिग्नल जेमतेम पोहोचतो. म्हणजे आठ तास जिथे लोक एकत्र काम करतात, नेमकं तिथेच जीपीएस आंधळं होतं.

वाय-फाय. आसपास कोणकोणते राउटर दिसतात त्यावरून फोन अंदाज बांधतो. शहरात हे बऱ्यापैकी चालतं. जिथे राउटरच विरळ आहेत तिथे फारसं नाही.

मोबाइल टॉवर. फोन कुठल्या टॉवरच्या कुठल्या बाजूच्या अँटेनाला जोडला आहे, हे कंपनीला कळतं. यात ॲप लागत नाही, इंटरनेट लागत नाही, साधा बटणांचा फोनही चालतो. म्हणूनच पोलिसांना आणि सरकारांना हा डेटा सोयीचा वाटतो. पण शहरात एका अँटेनाचा पट्टा शेकडो मीटरचा असतो आणि ग्रामीण भागात काही किलोमीटरचा. शिवाय फोन सर्वांत जवळच्याच टॉवरला जोडलेला असेल असंही नाही. तिथे लोड जास्त असेल तर तो लांबचा टॉवर धरतो.

## निळ्या वर्तुळाचं गणित

मॅपवर ठिपक्याभोवती एक फिकट निळं वर्तुळ दिसतं. ते सजावटीसाठी नाही. 'तुम्ही बहुधा या वर्तुळात आहात' असं फोन सांगत असतो. अँड्रॉइडच्या नियमाप्रमाणे हा अंदाज ६८ टक्के खात्रीचा असतो. म्हणजे साधारण तीनपैकी एका वेळी तुम्ही त्या वर्तुळाच्या *बाहेर* असू शकता. रस्ता शोधायला एवढं चालून जातं. पण एखाद्याला १४ दिवस घरी बसवायचं असेल तर?

आता २ मीटरच्या वर्तुळाशी तुलना करू. वर्तुळाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं.

- ५ मीटरची चूक: २ मीटरच्या वर्तुळापेक्षा सुमारे ६ पट मोठी जागा.
- २० मीटरची चूक: १०० पट.
- १ किलोमीटरचा टॉवर: अडीच लाख पट.

त्यात चूक एका फोनची नसते, दोन्ही फोनची असते. एकाचा ठिपका पूर्वेला ५ मीटर सरकला आणि दुसऱ्याचा पश्चिमेला ५ मीटर, तर खांद्याला खांदा लावून उभे असलेले दोघं नकाशावर १० मीटर लांब दिसतात. उलटही होतं. रस्त्याच्या दोन बाजूंना असलेली माणसं एकमेकांच्या अंगावर उभी दिसतात.

वेळेचंही तसंच. लोकेशन सतत नोंदवलं तर बॅटरी उतरते, म्हणून ॲप मधूनमधून नोंद घेतं. आरोग्य सेतूच्या गोपनीयता धोरणात दर १५ मिनिटांनी लोकेशन नोंदवण्याचा उल्लेख होता. ताशी ३० किलोमीटरने जाणारी बाइक १५ मिनिटांत साडेसात किलोमीटर जाते. दोन नोंदींच्या मधे तुम्ही कुठे थांबलात, कोणासोबत चहा घेतलात, ते त्या यादीत येतच नाही.

## नागापुरात संध्याकाळी शिफ्ट सुटते तेव्हा

समजा, एमआयडीसीतल्या एका कंपनीतला कामगार पॉझिटिव्ह निघाला आणि आपल्याकडे फक्त लोकेशनचा डेटा आहे. त्या दिवशीचं चित्र कसं असेल?

शेडमध्ये त्याच्या शेजारच्या मशीनवर दोघं होते. बऱ्याच कारखान्यांत फोन आत नेता येत नाही, तो लॉकरमध्ये किंवा गेटवर ठेवावा लागतो. म्हणजे दिवसभर शे-दोनशे फोन एकाच कपाटात एकमेकांना चिकटून बसले. डेटा म्हणेल, हे दोनशे जण आठ तास एकमेकांना खेटून होते. प्रत्यक्षात त्यातले काही जण एकमेकांना दिवसभर दिसलेही नसतील.

शिफ्ट सुटली. तो शेअर रिक्षात बसला, शेजारी तिघं. रिक्षा नगर-मनमाड रोडला ट्रॅफिकमध्ये अडकली. बाजूला एसटी उभी, तिच्यात पन्नास जण. डेटामध्ये रिक्षातले तिघं आणि एसटीतले पन्नास सारखेच दिसतात, कारण सगळ्यांचे ठिपके एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने सरकत आहेत. त्यातही रिक्षातल्या तिघांपैकी एकाकडे बटणांचा फोन असेल, तर ज्याला सर्वांत जास्त धोका आहे तोच ॲपच्या यादीतून गायब.

टॉवरच्या डेटावर गेलो तर चित्र आणखी धूसर होतं. शेडमधला कामगार, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवाला, बोल्हेगावात घरी अभ्यास करणारी मुलगी आणि हायवेवरून शिर्डीला निघालेली गाडी एकाच अँटेनाखाली येऊ शकतात. कंपनीच्या नोंदीत ते सगळे 'त्या वेळी तिथे' होते.

## टॉवरची यादी हाती आली की काय होतं: निजामुद्दीन, २०२०

हा फक्त कागदावरचा हिशेब नाही. मार्च २०२० मध्ये दिल्लीतल्या निजामुद्दीन भागातल्या तबलिगी जमातीच्या मरकजमध्ये आलेल्या अनेकांना लागण झाल्याचं उघड झालं. तिथून देशभर गेलेल्या लोकांना शोधायचं होतं. तेव्हा त्या परिसरातल्या टॉवरना जोडलेल्या मोबाइल नंबरांचा वापर झाला आणि राज्याराज्यांत याद्या गेल्या.

आता भूगोल बघा. मरकजपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर हजरत निजामुद्दीन रेल्वे स्टेशन आहे, दिल्लीतल्या मोठ्या स्टेशनांपैकी एक. वास्कोहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस पुणे, दौंड, नगर, मनमाड करत याच स्टेशनला जाते. म्हणजे आपल्या नगर स्टेशनवरून गाडीत बसलेला माणूस कामासाठी दिल्लीला उतरला, तर त्याचा फोन पहिल्यांदा ज्या टॉवरना जोडला जाणार ते याच परिसरातले. टॉवरच्या नजरेत तो आणि मरकजमध्ये राहिलेला माणूस एकच.

झालंही तसंच. छत्तीसगडमध्ये अशा यादीतल्या लोकांना फोन गेले, तेव्हा त्यातल्या अनेकांचा मरकजशी काही संबंध नसल्याचं बातम्यांतून समोर आलं. त्यातले काही जण निजामुद्दीन स्टेशनवरून गाडीने आले-गेले होते, एवढंच.

त्या दिवसांत यादीत नाव येणं ही साधी गोष्ट नव्हती. लोक शेजाऱ्यांकडे संशयाने बघत होते, व्हॉट्सॲपवर नावं फिरत होती. नगर जिल्ह्यात तबलिगी जमातीच्या परदेशी सदस्यांवर गुन्हे दाखल झाले आणि २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले. ते प्रकरण टॉवरच्या यादीचं नव्हतं. पण रोगाचा तपास आणि गुन्ह्याचा तपास एकमेकांत मिसळले की काय होतं, ते त्यातून दिसतं. अशा वातावरणात चुकीच्या यादीची किंमत यादी बनवणारा मोजत नाही, तिच्यात नाव आलेला मोजतो.

याच प्रकारचा डेटा दक्षिण कोरियाने वेगळ्या पद्धतीने वापरला. मे २०२० मध्ये सोलच्या इटेवोन भागातल्या नाइट क्लबमधून साथ पसरली. तिथल्या टॉवरवरून दहा हजारांहून जास्त लोकांची यादी निघाली आणि त्यांना मेसेज गेले: तुम्ही त्या भागात होता, मोफत तपासणी करून घ्या. नाव न सांगता तपासणीची सोयही सोलमध्ये केली गेली. यादी तितकीच ढोबळ होती. पण तिचा उपयोग तपासणीला बोलावण्यासाठी झाला, त्यामुळे चुकून आलेल्या नावाचं नुकसान कमी झालं.

इस्रायलने दुसरं टोक गाठलं. तिथे शिन बेत या गुप्तचर संस्थेच्या मोबाइल डेटावरून लोकांना थेट विलगीकरणाचे मेसेज गेले. हजारो लोकांनी आक्षेप घेतले आणि त्यातले बरेच मान्यही झाले. मार्च २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या वापरावर मर्यादा घातली.

## जागा अगदी बरोबर कळली, तर?

समजा उद्या फोनची चूक अर्ध्या मीटरवर आली. तरी काही गोष्टी उरतातच.

भिंत आणि मजला. नकाशा सपाट असतो, घरं सपाट नसतात. धारावीत अडीच चौरस किलोमीटरपेक्षा कमी जागेत लाखो लोक राहतात, खोलीवर खोली, भिंतीला भिंत. वरच्या मजल्यावरची बाई आणि खालच्या गाळ्यातला कारागीर नकाशावर एकाच ठिपक्यावर असतात. फोन उंचीचा अंदाज देतो, पण त्यातली चूक जमिनीवरच्या चुकीपेक्षा सहसा जास्त असते.

हवा. बंद खोलीत मोठ्याने बोलत घालवलेली १५ मिनिटं आणि शेताच्या बांधावर घालवलेली १५ मिनिटं यात धोक्याचा खूप फरक आहे. बंद खोलीत २ मीटरपलीकडेही लागण होऊ शकते. मास्क होता का, खिडकी उघडी होती का, एसी चालू होता का, हे लोकेशनला माहीत नसतं.

रोग कुठला आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय दूषित पाण्यावर गेला. तिथे 'कोण कोणाजवळ उभं होतं' हा प्रश्नच नव्हता, 'कोणाच्या घरी कुठलं पाणी येतं' हा होता. त्यासाठी घराचा पत्ता आणि पाइपलाइनचा नकाशा हवा. डेंग्यूमध्ये तुम्हाला चावलेला डास फोन घेऊन फिरत नाही.

## फोन म्हणजे माणूस नाही

आम्ही सॉफ्टवेअरवाले डेटाबेसमध्ये एक फोन म्हणजे एक माणूस धरून चालतो. खऱ्या घरात तसं नसतं. एकच स्मार्टफोन दिवसा मुलाच्या अभ्यासाला, रात्री वडिलांकडे. आजीकडे फोन नाही, आणि सर्वांत जास्त धोका तिलाच. काहींकडे दोन सिम, दोन फोन.

ॲप किती जणांकडे आहे, यातही एक फसवं गणित आहे. संपर्क नोंदवायला *दोघांकडेही* ॲप लागतं. १०० पैकी ४० जणांकडे ॲप असेल तर दोघांकडेही असण्याची शक्यता ०.४ गुणिले ०.४, म्हणजे १६ टक्के. उरलेल्या ८४ टक्के भेटी ॲपसाठी घडल्याच नाहीत.

ॲप असूनही ते चालू असेलच असं नाही. बऱ्याच स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी वाचवणारी सेटिंग मागे चालणारी ॲप बंद करून टाकते. तुम्हाला वाटतं ॲप पहारा देतंय, आणि ते तर सकाळपासून झोपलेलं असतं.

## मग ब्लूटूथ बरं का?

जागेच्या मागे लागण्यापेक्षा दोन फोन एकमेकांजवळ होते का एवढंच तपासावं, हा विचार बराच बरा ठरला. सिंगापूरने मार्च २०२० मध्ये ट्रेसटुगेदर आणलं. एप्रिलमध्ये ॲपल आणि गूगलने मिळून ब्लूटूथवर चालणारी पद्धत जाहीर केली आणि ती वापरणाऱ्या सरकारी ॲपना लोकेशनची परवानगी मागायलाच मनाई केली.

आपलं आरोग्य सेतू २ एप्रिल २०२० ला आलं. त्यात ब्लूटूथ आणि जीपीएस दोन्ही होतं. १ मेच्या केंद्रीय आदेशात सरकारी आणि खासगी सगळ्या कर्मचाऱ्यांना ते सक्तीचं केलं. १७ मेच्या आदेशात भाषा मवाळ झाली: मालकांनी शक्य तेवढे प्रयत्न करावेत. 'तुमच्या ५०० मीटर परिसरात इतके रुग्ण' हा आकडा अनेकांना आठवत असेल. तो ॲप वापरणाऱ्यांपुरता होता. शून्य दिसलं म्हणजे आसपास रुग्ण नाही, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता.

ब्लूटूथ अंतर मोजत नाही, सिग्नलची ताकद मोजतं. मधे माणसाचं शरीर आलं की सिग्नल कमजोर होतो, धातूच्या डब्यात तो आपटून वाढतो, पातळ भिंतीतून आरपार जातो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये ट्राममध्ये चाचणी घेतली. फोनच्या जवळपास निम्म्या जोड्या २ मीटरच्या आत होत्या. तरी जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या ॲपचे नियम लावल्यावर एकही इशारा आला नाही. इटलीच्या नियमाने जवळच्या निम्म्या जोड्या पकडल्या, पण लांबच्याही जवळपास तितक्याच प्रमाणात पकडल्या. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच झालं. आपली एसटीही धातूचा डबाच आहे.

तरी ब्लूटूथ निरुपयोगी ठरलं नाही. इंग्लंड आणि वेल्सचं ॲप साधारण २८ टक्के लोक वापरत होते. 'नेचर' मासिकात २०२१ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार त्याने २०२० च्या शेवटच्या महिन्यांत काही लाख लागणी टाळल्या. इशारा मिळालेल्यांपैकी सुमारे ६ टक्के लोक पुढे पॉझिटिव्ह निघाले. म्हणजे बाकीचे ९४ जण त्या अर्थाने 'उगाच' घाबरले, आणि तरीही एकूण हिशेबात फायदा झाला. कारण इशारा फोनवरच आला, नाव सरकारकडे गेलं नाही आणि पुढचा निर्णय बराचसा त्या माणसाच्या हातात राहिला.

## चुकीच्या इशाऱ्यांचा हिशेब

हा हिशेब एकदा स्वतः करून बघा. आकडे उदाहरणापुरते आहेत.

समजा पेशंटच्या परिसरात १,००० जण होते. खरोखर जवळ आलेले २०. ॲप खऱ्या संपर्कांपैकी ८० टक्के पकडतं, आणि जवळ न आलेल्यांपैकी फक्त १० टक्के चुकून पकडतं. ऐकायला बरं वाटतं.

- खरे पकडले: २० चे ८० टक्के = १६
- चुकून पकडले: ९८० चे १० टक्के = ९८
- एकूण इशारे: ११४

११४ पैकी बरोबर फक्त १६, म्हणजे १४ टक्के. चार खरे संपर्क निसटले ते वेगळेच. रोजंदारीवर जाणाऱ्या ९८ जणांची १४ दिवसांची मजुरी बुडाली, तर पुढच्या वेळी त्यांच्यातला कोणी ॲप चालू ठेवेल का?

## प्रायव्हसीचा प्रश्न वेगळा नाही

'नाव काढून टाकलंय, फक्त लोकेशन आहे' असं सांगितलं जातं. २०१३ मध्ये १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदींवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की जागा आणि वेळ यांच्या फक्त चार नोंदी ९५ टक्के लोकांना गर्दीतून वेगळं ओळखायला पुरतात. रात्री फोन कुठे असतो ते तुमचं घर, दिवसा कुठे असतो ते तुमची कंपनी किंवा कॉलेज. नाव लिहायची गरजच काय?

नॉर्वेचं पहिलं ॲप जीपीएस आणि ब्लूटूथ दोन्ही वापरायचं. तिथल्या डेटा संरक्षण यंत्रणेने आक्षेप घेतल्यावर जून २०२० मध्ये ते थांबवून जमवलेला डेटा पुसला गेला. सिंगापूरमध्ये जानेवारी २०२१ मध्ये कळलं, की ट्रेसटुगेदरचा डेटा पोलीस गुन्ह्याच्या तपासासाठी मागू शकतात. लोक चिडले, आणि पुढच्याच महिन्यात कायदा करून तो वापर मोजक्या गंभीर गुन्ह्यांपुरता ठेवावा लागला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालात खासगीपण हा मूलभूत हक्क मानला आहे. पण तो हक्क बाजूला ठेवला तरी व्यवहाराची गोष्ट उरते. विश्वास उडाला की लोक लोकेशन बंद करतात, फोन घरी ठेवून बाहेर पडतात, आणि उरलासुरला डेटाही खोटा होतो.

## मग लोकेशन डेटा कशाला चांगला?

माणूस न ओळखता, हजारोंच्या बेरजेसाठी. केनियात साधारण दीड कोटी मोबाइलच्या नोंदींवरून मलेरिया कुठल्या भागातून कुठे जातो त्याचा नकाशा संशोधकांनी २०१२ मध्ये मांडला. गूगलने ३ एप्रिल २०२० पासून प्रवासाचे अहवाल काढले. त्यात दुकानं, स्टेशन, ऑफिस इथली वर्दळ किती घटली-वाढली ते दिसायचं. अशा कामात २० मीटरची चूक अडचण करत नाही. कुठे तपासणी केंद्र हवं, कुठल्या रस्त्यावर गर्दी वाढतेय, हे प्रश्न लोकेशनला विचारावेत.

पेशंटला स्वतःचं आठवायला मदत म्हणूनही ते कामाचं आहे. फोनमधली टाइमलाइन उघडून 'मंगळवारी मी तारकपूर स्टँडला होतो, म्हणजे मित्रासोबत होतो' हे त्यानेच सांगायचं. इथे लोकेशन आठवण जागी करतं, आणि संपर्क कोण होता ते माणूस सांगतो.

माणसांनी केलेल्या शोधाची उदाहरणं आपल्याकडे आहेत. धारावीत १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण सापडल्यावर महापालिकेने घरोघरी तपासणी, ताप दवाखाने आणि विलगीकरणाची जागा यावर भर दिला. दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने स्वयंसेवकांची पथकं केली, घरोघरी चौकशी केली, लक्षणं दिसताच माणसाला वेगळं ठेवलं आणि मेच्या मध्यापर्यंत गाव कोरोनामुक्त झालं. कोण कोणाच्या घरी जेवलं, कोण कोणाच्या लग्नाला गेलं, हे गावाला उपग्रहापेक्षा चांगलं माहीत असतं.

## पुढच्या वेळी असं ॲप आलं तर काय बघाल?

1. लोकेशन मागतंय की फक्त ब्लूटूथ? जुन्या अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथने शोध घ्यायलाही लोकेशनची परवानगी लागायची. अँड्रॉइड १२ पासून 'जवळची डिव्हाइस' अशी वेगळी परवानगी आहे. तरीही ॲप लोकेशन मागत असेल तर कशासाठी, ते वाचा.
2. डेटा फोनमध्ये राहतो की सर्व्हरवर जातो? आणि किती दिवसांनी पुसला जातो?
3. इशारा आला तर पुढे काय? तपासणीचा सल्ला की थेट सक्ती? चूक असेल तर दाद कोणाकडे मागायची?
4. डेटा आणखी कोण मागू शकतं? पोलीस, मालक, विमा कंपनी?
5. साथ संपल्यावर ॲप बंद होणार का? त्याची तारीख किंवा अट लिहिलेली आहे का?

यातल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडत नसेल तर बाकीची उत्तरं कितीही छान असली तरी सावध राहा.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लोकेशन बंद केलं तर टॉवरलाही कळत नाही का?
कळतं. सिम चालू आहे तोवर फोन कुठल्या टॉवरला जोडलाय हे कंपनीला माहीत असतं. लोकेशनचं बटण ॲपसाठी असतं.

एअरप्लेन मोडमध्ये जीपीएस चालतं का?
बहुतेक फोनमध्ये चालतं, कारण जीपीएसमध्ये फोन फक्त ऐकतो, काही पाठवत नाही.

५जीमुळे हे सगळं सुटेल का?
टॉवर जवळजवळ आले की जागेचा अंदाज सुधारतो. भिंत, मास्क, खिडकी आणि लॉकरमधला फोन हे प्रश्न तसेच राहतात.

आरोग्य सेतूमधला संपर्क शोध अजून चालू आहे का?
नाही. हा भाग बंद केल्याचं आणि त्यातून जमलेला डेटा पुसल्याचं सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये लोकसभेत सांगितलं.

मला 'तुम्ही संपर्कात आलात' असा मेसेज आला तर?
घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. त्या दिवशी कुठे होतात, सोबत कोण होतं ते आठवा. घरात वयस्कर किंवा आजारी माणूस असेल तर थोडे दिवस अंतर ठेवा, तपासणी करून घ्या. आणि असा मेसेज दुसऱ्या कोणाला आलाय असं कळलं, तर त्याचं नाव ग्रुपवर टाकू नका. तो माणूस कदाचित फक्त त्या स्टेशनवर उतरला असेल.